बाडबिस्तऱ्याची गाणी

माझ्या भाच्यानं चांगल्या पगाराची नोकरी सोडून, चार मित्रांबरोबर गिटार घेऊन गावोगाव फिरायचं ठरवलं, तेव्हा धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, तूच त्याला समजाव. तुला त्यातलं कळतं."

मला त्यातलं कळतं, हा आमच्या घराण्यातला जुना प्रवाद आहे. १९८६ ते ८८ अशी दोन वर्षं मी एका ऑर्केस्ट्रात ॲकॉर्डियन वाजवत महाराष्ट्रभर हिंडलो आणि मग बँकेत चिकटलो. त्यामुळे दारू सोडलेल्या माणसाला जसं व्यसनमुक्तीच्या सभेत उभं करतात, तसं वाट चुकलेल्या तरुणांपुढे मला उभं करण्यात येतं.

भाचा आला. चहा प्याला. "मामा, तू आधी ही गाणी ऐक, मग बोल," म्हणाला आणि माझ्या फोनमध्ये रॉक संगीताची एक यादी भरून निघून गेला. सगळी गाणी दौऱ्यावरच्या वादकांच्या आयुष्याविषयीची. मला वाटलं, आयतंच सापडलं! आरोपीचा कबुलीजबाब, तोही आरोपीच्या आवाजात. एक कोरी वही घेतली, तिच्यावर 'पुरावे' असं लिहिलं आणि आठवडाभर कानांत ती बोंडं घालून बसलो. हिनं दोनदा विचारलं, "ऐकू कमी येतंय का?"

पहिला पुरावा गाण्यांच्या आधीचाच निघाला. १९५९ च्या हिवाळ्यात बडी हॉली अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात दौऱ्यावर होता. बस अशी मोडकी, की आतला हीटर बंद पडला आणि ड्रम वाजवणाऱ्याच्या पायांना हिमदंश होऊन त्याला इस्पितळात ठेवावं लागलं. त्या बसला विटून हॉलीनं पुढच्या मुक्कामासाठी एक लहानसं विमान भाड्यानं घेतलं. ३ फेब्रुवारीला ते आयोवातल्या क्लिअर लेकजवळ कोसळलं. तीन गायक आणि वैमानिक, चौघेही गेले. हॉली बावीस वर्षांचा होता. आमच्या मॅटाडोरच्या मागच्या बाकावर बसायचो तेव्हा मीही बाविसाचाच होतो. वहीत एवढं लिहिलं आणि त्या दिवशी पुढे काही ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी पॉल सायमन भेटला. १९६५ मध्ये हा इंग्लंडातल्या छोट्या छोट्या क्लबांतून एकटाच गात हिंडत होता. रेल्वेच्या फलाटावर गाडीची वाट बघताना घरच्या ओढीनं त्यानं 'होमवर्ड बाउंड' हे गाणं लिहिलं. १९६६ मध्ये ते गाजलं. ते विड्नेसच्या स्टेशनावर लिहिलं असं म्हणतात, आणि तिथं तशी पाटीही लावलेली आहे. आपल्याकडे थोर माणूस एखाद्या गावात राहून गेला की पाटी लागते. इथं थोर माणसाला गावातून कधी एकदा निघतो असं झालं, म्हणून पाटी! या हिशेबानं आमच्या ऑर्केस्ट्राच्या निदान चाळीस पाट्या महाराष्ट्रात लागायला हव्यात.

नंतर आलं 'लोडाय'. हे १९६९ मधलं गाणं, क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या लांबलचक नावाच्या बँडचं. कॅलिफोर्नियातल्या लोडाय गावी एक गायक अडकून पडतो. नाव झालेलं नाही, परतीच्या भाड्याला पैसे नाहीत आणि समोरचे लोक दारू पिण्यात दंग. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. आमचाही एक कंत्राटदार मध्यंतरातच पैशांसकट नाहीसा झाला होता आणि आम्ही चौदा जण दोन दिवस एका शाळेच्या व्हरांड्यात पडून होतो. गावाचं नाव सांगत नाही, तिथं माझा साडू राहतो. वहीत 'भक्कम पुरावा' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. आणि मग कळलं, की हे गाणं लिहिणारा जॉन फोगर्टी तोवर लोडायला कधी गेलेलाच नव्हता! गावाचं नाव कानाला बरं वाटलं, म्हणून त्यानं घेतलं. रेघा खोडाव्या लागल्या.

सत्तरच्या दशकात अशा गाण्यांचं पीकच आलं. कारण सरळ आहे. तबकडी काढायची, ती खपवायला गावोगाव फिरायचं, आणि फिरून परत आलं की पुढच्या तबकडीसाठी लिहायला फिरण्याखेरीज दुसरा अनुभवच उरत नाही. बॉब सीगरचं 'टर्न द पेज' १९७३ मध्ये निघालं. त्यात रात्रीच्या हॉटेलात शिरल्यावर लांब केसांकडे वळणाऱ्या नजरा आहेत, बसची घरघर आहे आणि एक सॅक्सोफोन आहे. पहाटे तीनला एस. टी. स्टँडवर जे वाटतं, ते त्या सॅक्सोफोनला बरोबर ठाऊक आहे. पण ते लोकांच्या मनात बसलं ते १९७६ मध्ये डेट्रॉइटच्या जाहीर कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण निघाल्यावर. म्हणजे बघा, 'या रोजच्या गाण्याचा कंटाळा आला' हे तो हजारो लोकांसमोर रोज गात होता!

ऑस्ट्रेलियाच्या एसी/डीसीचं 'इट्स अ लाँग वे टू द टॉप' १९७५ चं. त्यात लुबाडलं जाणं, मार खाणं, म्हातारं होणं अशी दुःखांची सगळी वाणसामानाची यादी आहे. पण १९७६ च्या फेब्रुवारीत चित्रीकरणासाठी हीच दुःखं त्यांनी मेलबर्नच्या स्वॉन्स्टन स्ट्रीटवर उघड्या ट्रकवर चढून, स्कॉटिश पाइप वाजवत मिरवली. अगदी विसर्जनाचा थाट! त्यांचा गायक बॉन स्कॉट चारच वर्षांनी, तेहेतिसाव्या वर्षी वारला. २००४ मध्ये मेलबर्नमध्ये एका गल्लीला बँडचं नाव मिळालं. वर पोचायचा रस्ता लांब खरा, आणि तो सगळ्यांना पुरतोच असंही नाही.

यादीच्या शेवटी जॅक्सन ब्राउन होता. १९७७ चा त्याचा 'रनिंग ऑन एम्प्टी' हा सगळा संच स्टुडिओत न जाता दौऱ्यातच मुद्रित केलेला आहे: काही रंगमंचावर, काही हॉटेलच्या खोल्यांत, काही तर धावत्या बसमध्ये. त्यात 'द लोड-आउट' नावाचं गाणं आहे. कार्यक्रम संपलाय, प्रेक्षक गेलेत, आणि सामान बांधून ट्रकमध्ये चढवणारी माणसं कामाला लागली आहेत. सगळ्यांत आधी येणारी, सगळ्यांत शेवटी जाणारी, आणि ज्यांना कुणी टाळ्या देत नाही अशी ही माणसं. गाणं त्यांच्यावर आहे. आमच्याकडे वेगळे हमाल नव्हते. ॲकॉर्डियन वाजवणाराच स्पीकर उचलायचा. ते गाणं मी तीनदा ऐकलं. हिनं या वेळी काही विचारलं नाही.

मग वही चाळली. पुरावे भरपूर होते: थंडी, उपास, एकटेपणा, बुडालेले पैसे. पण एकही आरोपी 'म्हणून मी घरी परतलो' असं म्हणत नव्हता. सायमनसुद्धा गाडीत बसून पुन्हा गायलाच गेला. खरा कंटाळलेला माणूस गाणं लिहीत नाही. तो बँकेत लागतो.

आणि खरं सांगायचं तर मीही कंटाळलो नव्हतो. १९८८ मध्ये बहिणीचं लग्न ठरलं, वडील नुकतेच निवृत्त झालेले. घरात पहिल्या तारखेला येणारा पगार हवा होता. ही हकिकत बहिणीला मी सांगितलेली नाही. ती आजही समजते, की तिच्या दादाला अक्कल आली.

निकाल ऐकायला रविवारी तिच्याकडे गेलो. भाच्याची मंडळी खाली गाडी घेऊन उभी होती. "सांगितलंस का त्याला?" बहिणीनं विचारलं.

"पाहतोय," म्हणालो, आणि दाराशी ठेवलेला ॲम्प्लिफायर उचलून जिना उतरायला लागलो.

"मामा, जपून! कमरेला झेपेल का?"

झेपला नाही. पण गाडीत कसा लावायचा ते मात्र त्या पोरांना ठाऊक नव्हतं. जड बाजू चाकावर, आणि त्याच्यावर कुणी बसायचं नाही.