विम्बल्डनच्या घरावर पडलेलं रॉकेट आणि त्याचे प्रेक्षक

मागच्या खेपेला आपण एक प्रश्न अर्धवट सोडला होता. राजांचे, लढायांचे, करवसुलीचे कागद राहतात. पण एखाद्या संध्याकाळी सामान्य माणूस आपल्या घरात बसून घाबरला, तर त्या घाबरण्याचा कागद कुठे सापडायचा? आज त्या प्रश्नाकडे एकाच उदाहरणातून बघू. उदाहरण लंडनचं आहे, दिवस शनिवार, १८ जुलै १९५३. त्या संध्याकाळी बीबीसीने ‘द क्वाटरमास एक्स्पेरिमेंट’ या मालिकेचा पहिला भाग दाखवला. सहा भागांची मालिका, दर शनिवारी एक भाग, आणि सगळा कारभार थेट प्रक्षेपणाचा. नट चुकला तर चुकला, पुन्हा घ्यायची सोय नाही.

लेखक नायजेल नील. आइल ऑफ मॅन या बेटावर वाढलेला, कथासंग्रहासाठी सॉमरसेट मॉम पुरस्कार मिळवलेला, तेव्हा तिशीच्या आसपासचा. दिग्दर्शक रुडॉल्फ कार्टिअर हा मूळचा व्हिएन्नाचा ज्यू, नाझींच्या भीतीने देश सोडून आलेला. भीती म्हणजे काय हे या माणसाला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं, एवढं ध्यानात ठेवा. सहा भागांचा मिळून खर्च चार हजार पौंडांच्या आत. स्टुडिओ अलेक्झांड्रा पॅलेसमधला, आणि तिथले कॅमेरे १९३६ साली केंद्र सुरू झालं तेव्हाचे. आज आपल्या खिशातल्या फोनला लाज वाटेल असं ते चित्र.

आता पहिल्या भागात घडतं काय? क्वाटरमास नावाच्या शास्त्रज्ञाने तीन माणसं बसवून एक रॉकेट अवकाशात पाठवलेलं आहे. संपर्क तुटतो. मग रॉकेट परत येतं आणि येऊन पडतं कुठे, तर विम्बल्डनच्या एका घरावर. पोलीस येतात, बघे जमतात, वरच्या मजल्यावर अडकलेल्या म्हातारीला खाली उतरवावं लागतं, तिला काळजी आपल्या मांजराची. रॉकेट इतकं तापलेलं की दार उघडायला थांबावं लागतं. शेवटी दार उघडतं, आणि गेलेल्या तिघांपैकी एकच जण बाहेर येतो. बाकीचे दोघे कुठे गेले? दार तर मधे उघडलेलंच नाही. संपला भाग. राक्षस नाही, रक्त नाही, किंकाळी नाही. पुढच्या भागांत तो परतलेला माणूस हळूहळू वनस्पतीसारख्या कशात तरी बदलत जातो. पण पहिल्या शनिवारी प्रेक्षकाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याच्या हाती होतं ते एक पडकं घर आणि दोन माणसांची वजाबाकी.

हे बघून लोकांना काय वाटलं? बीबीसीचं एक श्रोतृसंशोधन खातं होतं, १९३६ पासूनचं, रॉबर्ट सिल्वी त्याचे प्रमुख. त्या खात्याच्या अंदाजाप्रमाणे पहिला भाग चौतीस लाख लोकांनी पाहिला आणि २२ ऑगस्टचा शेवटचा भाग पन्नास लाखांनी. हे दोन आकडे आम्हाला फार महत्त्वाचे वाटतात, का ते सांगतो. त्या वेळी ब्रिटनमध्ये टीव्हीचे परवाने वीस लाखांच्या थोडे वर होते. वाहिनी एकच, बीबीसी. दुसरी यायला सप्टेंबर १९५५ उजाडावा लागला. म्हणजे शनिवारी रात्री ज्याचा टीव्ही चालू, तो बीबीसीच बघणार. मग पहिल्या भागाच्या चौतीस लाखांवरून आवडीनिवडीचा फारसा पत्ता लागत नाही. खरा पत्ता लागतो तो वाढलेल्या सोळा लाखांवरून. पाच आठवड्यांत, तेही उन्हाळ्याच्या दिवसांत, काही सोळा लाख लोकांनी नवे टीव्ही आणले नाहीत. आहेत त्याच टीव्हींपुढे जास्त माणसं येऊन बसली. याचा अर्थ, रविवारी चर्चच्या पायरीवर, सोमवारी कारखान्यात कुणीतरी कुणाला तरी सांगितलं, ‘अहो, परवा ते बघितलंत का? पुढच्या शनिवारी या आमच्याकडे.’ हे आम्ही कल्पनेने बोलतो आहोत हे खरं, पण आकड्याला दुसरं स्पष्टीकरण द्यायचं म्हटलं तर अवघड आहे. शेजाऱ्याकडे जाऊन टीव्ही बघायची सवय त्यांना नुकतीच लागली होती. २ जूनला राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला, तो दोन कोटी लोकांनी टीव्हीवर पाहिला असा अंदाज आहे. परवान्यांच्या संख्येने भागून बघा, एकेका टीव्हीपुढे किती माणसं दाटीवाटीने बसली असतील!

हा राज्याभिषेक आपल्या गोष्टीत आणखी एका कारणाने येतो. तो झाला वेस्टमिन्स्टर अॅबेमध्ये. आणि नीलने आपल्या मालिकेचा शेवट कुठे केला? त्याच वेस्टमिन्स्टर अॅबेत! ज्या काचेवर लोकांनी राणीच्या मस्तकी मुकुट चढताना पाहिला, त्याच काचेवर अकरा-साडेअकरा आठवड्यांनी अॅबेच्या भिंतीवर ते प्राणी-वनस्पती असं काहीतरी चढलेलं दिसलं. ते होतं काय, तर अॅबेचं मोठं केलेलं छायाचित्र आणि त्यातून बाहेर काढलेले खुद्द लेखकाचे हात, हातमोज्यांवर पालापाचोळा चिकटवलेले. हातमोजे सजवायला मदत केली ज्युडिथ केर यांनी, नीलच्या भावी पत्नीने. पुढे त्या लहान मुलांच्या पुस्तकांसाठी जगभर प्रसिद्ध झाल्या. असो, आपण शेवटाकडे पळालो. आपला विषय पहिला भाग आहे.

पहिल्या भागाची भीती आज समजत नाही. आमच्या ओळखीच्या तरुण मंडळींना तो भाग दाखवला तर ती जांभया देतात, आणि त्यांचं चुकतं असंही नाही. भीती पडद्यावर अर्धीच होती, उरलेली अर्धी बघणाऱ्याच्या घरात होती. १९४४ च्या सप्टेंबरपासून १९४५ च्या मार्चपर्यंत जर्मनांची व्ही-टू रॉकेटं इंग्लंडवर पडत होती. हजाराहून जास्त पडली, अडीच हजारांहून जास्त माणसं मेली, बहुतेक लंडन आणि आसपासची. हे रॉकेट आवाजापेक्षा जास्त वेगाने येई. म्हणजे आधी स्फोट व्हायचा आणि येण्याचा आवाज मागाहून. भोंगा नाही, तळघरात पळायला वेळ नाही. आता तारखा लावा. मार्च १९४५ ते जुलै १९५३, आठ वर्षं. साखरेचं रेशन तेव्हा अजून चालू होतं. पडक्या जागा तशाच होत्या, त्यात गवत वाढत होतं. अशा माणसांच्या बैठकीच्या खोलीत टीव्ही सांगतो की रॉकेट आलं, घरावर पडलं, ढिगाऱ्यातून म्हातारीला बाहेर काढताहेत आणि तिला मांजराची काळजी आहे. त्यांच्या दृष्टीने हे विज्ञानकथेतलं दृश्य नव्हतंच, गल्लीतलं होतं. त्या म्हातारीला नावानिशी ओळखणारी माणसं समोर बसलेली होती, असं म्हटलं तरी चालेल.

आणि फरक कुठे होता तेही बघा. ते रॉकेट शत्रूचं होतं, हे आपलंच आहे. सहा-सात आठवड्यांपूर्वी एव्हरेस्ट सर झाल्याची बातमी राज्याभिषेकाच्या सकाळीच लंडनच्या वर्तमानपत्रांत आली होती, आदल्या ऑक्टोबरात ब्रिटनने पहिला अणुबॉम्ब फोडला होता, नव्या एलिझाबेथच्या युगाचे ढोल वाजत होते. नील विचारतो, तुम्ही अभिमानाने वर पाठवलेलं खाली काय घेऊन येईल? स्पुटनिक उडायला अजून चार वर्षं होती. हा प्रश्न विचारण्याची घाई तेव्हा फार थोड्यांना होती.

इथे आमचा जुना धंदा, म्हणजे तत्त्वज्ञान, थोडा मधे आणतो. अभिनवगुप्ताने भयानक रसाची चर्चा करताना ‘शाकुंतला’तल्या पळणाऱ्या हरणाचं उदाहरण घेतलं आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हरीण भ्यालेलं आहे, पण प्रेक्षकाला जाणवतं ते त्या हरणाचं भय नव्हे, स्वतःचंही नव्हे, अमुक जागा, अमुक वेळ यांतून सुटलेलं नुसतं भय. म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. ही सुटका आपोआप होत नाही. त्यासाठी नाट्यगृह लागतं, पूर्वरंग लागतो, रंगभूषा लागते. पाश्चात्त्यांत केंडल वॉल्टन यांनी १९७८ मध्ये जवळपास हाच प्रश्न वेगळ्या टोकाने धरला. त्यांचा चार्ल्स पडद्यावरचा हिरवा चिखल आपल्याकडे सरकताना बघून घाबरतो. वॉल्टन म्हणतात, तो खरा घाबरलेला नाही, खरा घाबरला असता तर पळाला असता.

दोघांचीही मांडणी पक्की आहे. पण दोघांच्याही प्रेक्षकाला आपण नाटक किंवा सिनेमा बघायला आलो आहोत हे ठाऊक आहे. १९५३ चा प्रेक्षक कुठे आला नव्हता. रॉकेट त्याच्या घरी आलं होतं, राणी आली त्याच वाटेने. मोठ्या माणसांसाठी मुद्दाम लिहिलेली अशी मालिका ब्रिटिश टीव्हीवर पहिलीच म्हणतात. म्हणजे कशी भीती वाटून घ्यायची याची रीतही घालून दिलेली नव्हती. पुढे, १९५५ च्या दुसऱ्या मालिकेच्या वेळी, निवेदक आधी बजावू लागला की लहान मुलांनी आणि नाजूक मनाच्या माणसांनी हे बघू नये. लोक त्याला सावधगिरीची सूचना म्हणतात. आम्ही त्याला पूर्वरंग म्हणू! सूचना ऐकली की माणूस सावरून बसतो, आता खेळ सुरू होतोय हे त्याला कळतं. पहिल्या शनिवारी प्रेक्षकांची अशी तयारी झालेली नव्हती.

मग प्रश्न येतो, इतकं घाबरले होते तर आरडाओरड का नाही झाली? झालेली आरडाओरड कशी दिसते ते याच जोडगोळीच्या पुढच्या कामात दिसतं. १२ डिसेंबर १९५४ ला नील आणि कार्टिअर यांनी ऑर्वेलची ‘नाइन्टीन एटी-फोर’ टीव्हीवर आणली. खासदारांनी पार्लमेंटात निषेधाचा ठराव मांडला, इतरांनी उलट ठराव मांडले, वर्तमानपत्रांनी रकाने भरले, आणि चार दिवसांनी सगळं नाटक पुन्हा थेट सादर झालं. त्या प्रतिक्रियेचे कागद ढिगाने आहेत. पण ठराव मांडणारा माणूस घाबरलेला असतो की चिडलेला? चिडलेला माणूस पत्र लिहितो. घाबरलेला दुसऱ्या दिवशी कुणाला तरी सांगतो आणि पुढच्या शनिवारी परत बसतो. इतिहासकाराला पहिला चटकन सापडतो, दुसऱ्याचा माग नुसत्या आकड्यात उरतो.

याच्या उलट धोकाही आहे, आणि तो जास्त वाईट. क्वाटरमास लागली की पब ओस पडत, ही गोष्ट आजही ठिकठिकाणी सांगितली जाते. १९५८-५९ च्या तिसऱ्या मालिकेबद्दल ती काही अंशी पटण्यासारखी आहे; तिचा शेवटचा भाग एक कोटी दहा लाख लोकांनी पाहिला. पण १९५३ च्या जुलैत पाच कोटींच्या देशात चौतीस लाख? दर पंधरा माणसांत एक. तेवढ्याने पब ओस पडत नाही. मागाहूनची आठवण आधीच्या दिवसावर जाऊन बसली आहे. १९३८ मध्ये अमेरिकेत ऑर्सन वेल्सच्या मंगळावरून आलेल्या स्वारीच्या नभोनाट्याने देशभर पळापळ झाली, ही कथा अशीच. तिच्यात वर्तमानपत्रांनी किती हवा भरली होती हे अभ्यासकांनी नंतर दाखवलं. लोक घाबरले नाहीत असं नव्हे. पण घाबरण्याची गोष्ट घाबरण्यापेक्षा मोठी होत गेली.

जाता जाता एक आपल्या ओळखीचा धागा. क्वाटरमासने वाट पाडल्यावर १९६१ मध्ये बीबीसीने ‘ए फॉर अँड्रोमेडा’ दाखवली. तिचे एक लेखक होते खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल, आणि त्या वेळी केंब्रिजला त्यांच्या हाताखाली संशोधन करत होते आपले जयंत नारळीकर. मराठी विज्ञानकथेचा अभ्यास करणाऱ्यांनी हा शेजार लक्षात ठेवावा.

आता पहिल्या भागाचा कागद, म्हणजे फिल्म, तिचं काय झालं ते सांगून थांबतो. थेट प्रक्षेपण जपून ठेवायचा उपाय तेव्हा एकच होता. समोर एक पडदा ठेवायचा आणि त्यावर चाललेलं चित्र फिल्मच्या कॅमेऱ्याने टिपायचं. पहिले दोन भाग असे टिपले गेले. प्रत चांगली येईना म्हणून पुढचे चार टिपलेच नाहीत. त्यामुळे वेस्टमिन्स्टर अॅबेतलं ते भयंकर काही आज कुणीच बघू शकत नाही, विम्बल्डनचं पडकं घर मात्र बघता येतं. दुसऱ्या भागाच्या फिल्ममध्ये एके ठिकाणी चित्रावर एक किडा येऊन बसलेला दिसतो. तो त्या समोर ठेवलेल्या पडद्यावर बसला होता. आजच्या प्रेक्षकाची नजर हटकून त्याच्यावर जाते. त्या शनिवारी घरोघरी बसलेल्यांना तो दिसलाच नव्हता.