सुरिन येथील गजबंधनाची परंपरा

थायलंडच्या ईशान्य भागात कंबोडियाच्या सीमेस लागून असलेल्या सुरिन प्रांताचे नाव ‘सुर’ व ‘इंद्र’ ह्या संस्कृत पदांपासून सिद्ध झाले आहे. तथापि ते देवेंद्रावरून नव्हे, हत्ती धरणाऱ्या एका नायकाच्या पदवीवरून पडले. परंपरा सांगते की, इ. स. १७५९ मध्ये अयोध्येच्या (म्हणजे सयामातील अयुथ्थयाच्या) राजाचा श्वेत हत्ती पळाला, तेव्हा कुई जमातीच्या नायकांनी तो शोधून दिला. त्यांपैकी च्यांग पुम ह्यास पुढे ‘सुरिन’ पदवी मिळाली आणि १७८६ मध्ये तेच नगराचे नाव झाले.

कुई लोक शिकवलेल्या हत्तींवर बसून म्हशीच्या कातड्याच्या दोराचा फास रानहत्तीच्या पायात अडकवीत. हा दोर पूज्य मानला जाई. घरोघरी त्याचे स्वतंत्र देवघर असे. रानहत्ती मिळत ते मुख्यतः दांग्रेक डोंगरापलीकडील कंबोडियाच्या अरण्यात. १९६१ मध्ये उभय देशांचे राजनैतिक संबंध तुटले; त्याच सुमारास ह्या मोहिमा कायमच्या थांबल्या. सुरिनचा प्रसिद्ध गजमहोत्सव प्रथम भरला १९६० मध्ये. प्रेक्षकास जी पुरातन प्रथा वाटते, तिचे प्रदर्शन अशा रीतीने ती प्रथा मावळत असतानाच सुरू झाले, ही गोष्ट सहसा नजरेआड होते. पुढे १९८९ मध्ये जंगलतोडीवर बंदी आली, ओंडके ओढण्याचे कामही गेले, आणि अनेक माहूत हत्ती घेऊन बँकॉकच्या रस्त्यांवर भीक मागू लागले. ता क्लांग ह्या गावी त्यांना परत आणण्याचे प्रयत्न त्यानंतरचे.

ख्मेर वारसाही ह्या सीमेपासून अलग नाही. सीखोराफूम येथे जांभ्या दगडाच्या एकाच चौथऱ्यावर विटांची पाच शिखरे असून मधल्या द्वाराच्या ललाटपट्टीवर दशभुज शिव नृत्य करीत आहे. हे बाराव्या शतकातील देवालय सीमेपासून दूर, म्हणून निर्धास्त. ता मुएन थोम हे शिवालय मात्र अंकोरहून फिमाईस जाणाऱ्या प्राचीन मार्गाच्या खिंडीतच आहे. जुलै २०२५ मध्ये त्याच्याच परिसरात दोन्ही देशांच्या सैन्यांत चकमक उडाली आणि सुरिनमधील सीमेलगतची गावे रिकामी करावी लागली. ह्या गावांतील पुष्कळांची मातृभाषा ख्मेरच आहे.