शासकीय गुपिते अधिनियम आणि देवळाली प्रकरण

१९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम इंग्रजांनी केला. तो आजही लागू आहे. नाशिकजवळच्या देवळाली छावणीत जवानांना अधिकाऱ्यांची घरकामे करावी लागतात, हे २०१७ मध्ये 'द क्विंट'च्या पत्रकार पूनम अग्रवाल यांनी छुप्या कॅमेऱ्याने दाखवले. त्यांच्यावर याच कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

वृत्तपत्रांचे हक्क नागरिकांच्या हक्कांहून वेगळे नाहीत, असे बाबासाहेबांनी संविधान सभेत स्पष्ट केले होते. म्हणून हा प्रश्न फक्त पत्रकारांचा नाही.

माहिती अधिकार कायदा २००५, कलम ८(२) नुसार, होणाऱ्या हानीपेक्षा जनहित मोठे असेल तर गुपिते कायद्यालाही न जुमानता माहिती देता येते. 'गोपनीय' म्हणून अर्ज फेटाळला, तर अपिलात हे कलम जरूर लिहावे, असे आम्ही कार्यकर्त्यांना सांगतो.