तळटीप १२ : ‘यहूदिया’

१२. यहूदिया : पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले मराठी बायबल वाचताना इथे वाचक हमखास अडखळतो. जुना करार संपतो तेव्हा यरुशलेमवर इराणी सत्ता आहे. पान उलटले की नव्या करारात रोमचा कैसर. मधली सुमारे चारशे वर्षे पुस्तकात नाहीत. त्या काळात ग्रीक राजांविरुद्ध इ.स.पू. १६७ मध्ये मक्काबी घराण्याने बंड केले आणि पुढे स्वतःचे राज्य उभारले. इ.स.पू. ६३ मध्ये पाँपेने यरुशलेम घेतले. हेरोद ‘राजा’ म्हणवला गेला, पण तो रोमचा मांडलिक. त्याच्या मुलाला इ.स. ६ मध्ये पदच्युत करून रोमने यहूदिया खालसा केला. (साताऱ्याची आठवण असलेल्या वाचकाला हा शब्द वेगळा समजावून सांगायला नको.) खालसा होताच करासाठी शिरगणती झाली, आणि तिथूनच असंतोष पेटला. पिलात हा राजा नव्हे, रोमचा नेमलेला अंमलदार. इ.स. ७० मध्ये मंदिर जाळले गेले. १३५ मध्ये बार कोखबाचे बंड मोडल्यावर हेड्रियनने प्रांताचे नावच पुसून ‘सीरिया पॅलेस्टिना’ ठेवले.

कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे आपले शनवार तेली, आपल्या पूर्वजांचे नवगावजवळ फुटलेले गलबत याच मधल्या काळातले मानतात.

या भाषांतराचे खिळे मुक्तीतल्याच बायकांनी जुळवले. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. — संपा.