कमलाबाई गोखले आणि पडद्याचा उशिराचा मान

चित्रपटसृष्टीत स्त्रीला कीर्ती लाभते ती बहुधा ऐन तारुण्यात, आणि चाळिशी गाठण्यापूर्वीच ती ओसरू लागते. रंगभूमीवर आयुष्य वेचलेल्या काही थोड्या नटींच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटा झालेला आढळतो. केस पांढरे झाल्यावर आणि नायिकेच्या भूमिका कायमच्या मागे पडल्यावर पडदा त्यांच्याकडे येतो, आणि ज्या लोकांनी त्यांचे एकही नाटक पाहिलेले नसते ते त्यांचे चाहते होतात. हा योगायोग आहे की यामागे काही कारण आहे, आणि अशा उशिराच्या कीर्तीने त्या नटीच्या कार्याला न्याय मिळतो काय, या दोन प्रश्नांचा विचार एका मराठी नटीच्या चरित्राच्या आधारे येथे करावयाचा आहे.

इंग्लंडमध्ये या प्रकारची उदाहरणे पुष्कळ आहेत. मार्गारेट रदरफोर्ड या बाईंचा जन्म १८९२ सालचा. आरंभी त्या पियानोच्या व वक्तृत्वाच्या शिक्षिका होत्या. १९२५ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, लंडनच्या 'ओल्ड व्हिक' नाट्यगृहात त्यांनी व्यावसायिक रंगभूमीवर पाऊल ठेवले. नोएल कॉवर्डच्या 'ब्लाइद स्पिरिट' या नाटकातील त्यांची मांत्रिक बाई १९४१ साली रंगभूमीवर गाजली आणि १९४५ साली चित्रपटातही आली. तथापि घरोघरी त्यांचे नाव झाले ते १९६१ नंतर, अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलच्या भूमिकेमुळे. त्या वेळी त्या सत्तरीला टेकल्या होत्या. १९६३ सालच्या 'द व्ही. आय. पी.ज' या चित्रपटासाठी त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. पुढच्या पिढीतील ज्युडी डेंच यांनी १९५७ साली त्याच 'ओल्ड व्हिक'मध्ये ऑफेलिया साकारली. पण जगाला त्या ठाऊक झाल्या १९९५ नंतर, म्हणजे साठी उलटल्यावर.

आपल्याकडे या मालिकेत बसणारे, पण तिच्याहून फार विलक्षण असे चरित्र कमलाबाई गोखले यांचे आहे. विलक्षण अशासाठी की, पडद्याशी त्यांचा संबंध बहुतेक सर्व भारतीय नटींच्या आधी आला, आणि पडद्याने त्यांची खरी ओळख करून दिली ती मात्र नव्वदीच्या उंबरठ्यावर. मधली सारी वर्षे प्रामुख्याने रंगभूमीची होती.

कमलाबाईंचा जन्म १९०० सालचा. त्यांच्या मातोश्री दुर्गाबाई कामत या पतीपासून विभक्त होऊन लहानग्या मुलीसह फिरत्या नाटक मंडळीत आल्या. घरंदाज स्त्रीने रंगभूमीवर उभे राहणे ज्या काळी निंद्य मानले जाई, त्या काळातील हा निर्णय आहे. त्या वेळी प्रतिष्ठित नाटक मंडळ्यांत स्त्रीभूमिका पुरुषच करीत. दुर्गाबाईंच्या निर्णयामागे कलेची ओढ किती आणि पोटाची निकड किती, याचा हिशेब आज मांडता येणार नाही. परंतु त्या निर्णयामुळे कमलाबाईंचे बालपण रंगपटात गेले, आणि अक्षरओळखीच्या वयातच त्यांची नाटकातील पाठांतराशी ओळख झाली.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट पूर्ण केला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना एकही स्त्री मिळू शकली नाही आणि अण्णा साळुंके या तरुणाला लुगडे नेसवावे लागले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर' या दुसऱ्या चित्रपटात मात्र फाळक्यांना स्त्रिया मिळाल्या, आणि त्या रंगभूमीवरून मिळाल्या. पार्वतीचे काम दुर्गाबाईंनी केले आणि मोहिनीचे कमलाबाईंनी. भारतीय कथाचित्रात काम करणाऱ्या पहिल्या स्त्रिया म्हणून इतिहासात नोंद झाली ती या मायलेकींची. कमलाबाईंचे वय त्या वेळी तेरा वर्षांचे होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. तो चित्रपट मूक होता. नाटक मंडळीत वाढलेल्या मुलीची खरी पुंजी म्हणजे तिचा आवाज, तिचे पाठांतर आणि तिचे गाणे. कॅमेऱ्याने त्यातले काहीच मागितले नाही, आणि त्याला ते घेताही आले नसते. त्याने घेतले ते केवळ रूप व हालचाल. तो चित्रपट आज संपूर्ण स्वरूपात पाहावयास मिळत नाही. म्हणजे जे घेतले तेही पुरते टिकले नाही.

यानंतर कमलाबाई पुन्हा रंगभूमीवर आल्या. चित्ताकर्षक नाटक मंडळीचे रघुनाथराव गोखले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पंचविशीच्या सुमारास त्यांना वैधव्य आले. पदरी तीन मुलगे आणि जवळ अभिनयाखेरीज दुसरी विद्या नाही, अशा स्थितीत त्यांनी त्याच विद्येवर संसार चालविला. स्त्रियांच्याच नाटक मंडळीत त्यांनी पुरुषभूमिकाही केल्या. बालगंधर्वांनी स्त्रीवेष धारण केला त्याचे वर्णन आपल्या साहित्यात विपुल आहे. पण त्याच काळात स्त्रियाही पुरुषवेषात उभ्या राहत होत्या, आणि त्यांच्या पागोट्याविषयी वा त्यांच्या चालण्याविषयी फारसे कोणी लिहून ठेवले नाही. पुढे बोलपटांचे युग आल्यावर कमलाबाईंनी त्यांतही कामे केली. त्यांच्या एकूण चित्रपटांची संख्या पस्तीसच्या आसपास सांगतात. मुलांपैकी लालजी व सूर्यकांत हे तबलावादक झाले आणि चंद्रकांत गोखले नट झाले. नातू विक्रम गोखले यांना राष्ट्रीय पारितोषिक मिळाले तेही 'अनुमती' या चित्रपटासाठी, २०१३ साली, साठी उलटल्यावर! या घराण्याला पडद्याचा मान उशिराच मिळावयाचा, असे काही विधिलिखित असावे.

कमलाबाईंचा अखेरचा कथाचित्र 'गहराई', १९८० सालचा. एवढ्यावर त्यांचे चरित्र संपले असते तर चित्रपटाच्या इतिहासात एका ओळीपलीकडे त्यांना स्थान मिळाले नसते. परंतु पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलनाचे शिक्षण घेतलेल्या रीना मोहन यांनी त्यांच्यावर 'कमलाबाई' हा अनुबोधपट काढला आणि १९९१ सालच्या राष्ट्रीय पारितोषिकांत पहिल्या कथेतर चित्रपटाचा मान त्याला मिळाला. पुण्यातील घरात वृद्ध कमलाबाई बसल्या आहेत. शरीर थकले आहे, चालणे कष्टाचे झाले आहे. आणि तरीही जुन्या नाटकांतील भाषणे त्यांच्या मुखातून बाहेर पडतात. हा अनुबोधपट पाहिलेल्या प्रेक्षकांना १९१३ ची मोहिनी दिसली नाही. त्यांना दिसली ती सत्तर-पंच्याहत्तर वर्षे नाटक जगलेली एक स्त्री. १९९७ साली कमलाबाई निवर्तल्या.

या दोन चित्रपटांची तुलना केली म्हणजे आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हाती येते. १९१३ साली कॅमेऱ्याने कमलाबाईंचे रूप घेतले आणि वाणी सोडली. अठ्ठ्याहत्तर वर्षांनंतर रूप गेलेले होते. उरली होती वाणी आणि स्मरणशक्ती, आणि या वेळी कॅमेऱ्याला हवे होते तेच. रूप वयाबरोबर जाते. पण रंगभूमीने कमावलेले शब्दोच्चार, श्वासावरचा ताबा, कोठे थांबावे याचे भान, या गोष्टी वयाबरोबर पक्क्या होतात. तेव्हा उशिराची कीर्ती हा योगायोग नव्हे. ती रंगभूमीवर साठलेल्या ठेवीवरचे व्याज असते, आणि ठेव मोठी असल्याखेरीज व्याज मिळत नाही.

याची उलट बाजूही आपल्या इतिहासात आहे. १८८८ साली जन्मलेले बालगंधर्व 'प्रभात'च्या 'धर्मात्मा' या चित्रपटात १९३५ साली एकनाथ झाले. पुढे बाबूराव पेंटरांच्या 'साध्वी मीराबाई'त त्यांनी स्त्रीभूमिकाही करून पाहिली; परंतु रंगभूमीवरचे त्यांचे साम्राज्य पडद्यावर उभे राहू शकले नाही. दिवे, अंतर आणि सूर यांच्या साहाय्याने रंगभूमी जे रूप निर्माण करते, ते कॅमेरा जवळ जाऊन तपासतो. रंगभूमीचे रूप पडद्यावर नेऊ पाहणारा तेथे अडतो. स्वतःचे वय लपविण्याची गरज न उरलेली नटी मात्र तरून जाते. सुलभा देशपांडे यांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. दादरच्या छबिलदास शाळेत त्या शिक्षिका होत्या. १९६७ साली 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकात त्यांनी साकारलेली लीला बेणारे मराठी प्रेक्षक विसरलेला नाही. पण देशभरच्या नव्या प्रेक्षकाने त्यांना ओळखले ते २०१२ च्या 'इंग्लिश विंग्लिश'मधील सासूबाई म्हणून. त्या सासूबाईंच्या मोजक्या वाक्यांमागे बेणारेबाईंचे प्रदीर्घ स्वगत उभे आहे, हे त्या प्रेक्षकाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

आता दुसरा प्रश्न. या कीर्तीने न्याय मिळतो काय? माझ्या मते अर्धाच. व्याज दिसते, ठेव दिसत नाही. कमलाबाईंचा अनुबोधपट झाला म्हणून त्यांच्या वाणीचा काही अंश उरला. त्यांच्या भर उमेदीतील प्रयोग कायमचे गेले. आणि ज्यांच्याकडे कॅमेरा कधीच गेला नाही त्यांचे तर सर्वस्वच गेले.

हा विचार मला सुचला तो येळ्ळूरसारख्या गावी शाळा चालविताना. अण्णासाहेब किर्लोस्करांचे गुर्लहोसूर आमच्याच बेळगाव जिल्ह्यातील. २०१५ साली बेळगावला नाट्यसंमेलन भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी फैय्याज यांच्यासारखी रंगभूमीवर वाढलेली गायिका-नटी होती, याचा आम्हां सर्वांना अभिमान वाटला. सीमाभागात मराठी टिकविण्याच्या कामी शाळा आणि वृत्तपत्रे यांचा वाटा सर्वजण मान्य करतात. गावोगावच्या हौशी नाटकांचा वाटाही त्याहून कमी नाही, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. या नाटकांतील पुरुषभूमिका गावातील शेतकरी व कामगार करीत; स्त्रीभूमिकांसाठी नटी बाहेरून आणावी लागे.

१९८० च्या आसपास, मी शाळेत असताना, जत्रेच्या दिवसांत झालेले असे एक नाटक मला आठवते. आईचे काम करणारी बाई दुपारच्या एस.टी.ने एक पत्र्याची ट्रंक घेऊन उतरली. वय पन्नाशीच्या पुढचे. गावकरी नटांनी महिनाभर तालमी केल्या होत्या. तिने केवळ एकदा, चहा घेता घेता, आपल्या जागा विचारून घेतल्या. रात्री नायकाचे काम करणारा आमचा शेजारी मध्येच भाषण विसरला. तिने त्याचेच वाक्य प्रश्नाच्या रूपाने त्याच्यापुढे ठेवले आणि नाटक पुढे चालू केले. ही युक्ती प्रेक्षकांपैकी फारच थोड्यांच्या ध्यानात आली असेल. पहाटे मानधनाचे पाकीट घेऊन ती पहिल्या गाडीने निघून गेली. हस्तपत्रिकेत सर्व गावकरी नटांची नावे छापली होती. तिच्याविषयी 'नामवंत स्त्री कलाकार' एवढेच शब्द होते.

मिस मार्पलला जे कौशल्य लागले, सासूबाईंना जे लागले, ते हेच. त्या बाईकडे ते होते. पडदा मात्र तिच्याकडे आला नाही. तेव्हा जी गोष्ट पडद्याच्या कृपेवर सोपवून चालत नाही, ती आपण शिक्षकांनी करावयास हवी. गतवर्षापासून आमच्या शाळेतील नववीचे विद्यार्थी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून गावात झालेल्या नाटकांची नोंद एका वहीत करीत आहेत: नाटकाचे नाव, साल, कोणी कोणते काम केले, नटी कोठून आली. काम साधे आहे आणि त्याला खर्च नाही. आमच्या साहित्यसंस्थांनी आपापल्या गावी हे काम हाती घेतले तर सीमाभागाच्या रंगभूमीचा इतिहास लिहिण्यास काही साधन निर्माण होईल. उशीर मात्र करून चालणार नाही, कारण ज्यांना आठवते ते लोक झपाट्याने कमी होत आहेत.

आमच्या वहीत आज पुष्कळ नाटकांची नावे आली आहेत, पुरुष नटांचीही आली आहेत. स्त्रियांच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'बेळगावची बाई', 'कोल्हापूरची बाई' असेच लिहिलेले आहे. पत्र्याची ट्रंक घेऊन आलेल्या त्या बाईचे नाव मी अनेकांना विचारले. अजून ते मिळालेले नाही.