मापटे आणि तागडी

सीमाभागातल्या जुन्या घरांत आजीच्या हातची पाककृतींची एखादी वही अजून सापडते. ‘बेदाणे एक चिपटे, बदाम दोन छटाक, सुके खोबरे किसून एक मापटे’ अशा धर्तीची तिची भाषा. कन्नड किंवा इंग्रजी शाळेत शिकलेल्या नातवंडांना अक्षर लागते, पण चिपटे म्हणजे किती ते कळत नाही. वही रद्दीत जाते ती बहुधा इथेच.

वहीत दोन पद्धती शेजारी नांदतात. दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे मापाचे कोष्टक. पाच तोळे म्हणजे एक छटाक आणि सोळा छटाकांचा पक्का शेर, हे तागडीचे. घोटाळा होतो तो शेरापाशी, कारण तो दोन्हीकडे आहे. नुसते ‘शेर’ लिहिले असेल तर आजूबाजूच्या ओळी पाहाव्यात. तिथे मापटे-चिपटे असेल तर शेर बहुधा मापाचा, छटाक-तोळा असेल तर वजनाचा.

त्यातही एकवाक्यता नव्हतीच. मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर बंगालचा ८२ पौंडांहून थोडा अधिक! १९५६ च्या १ नोव्हेंबरला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात वजनमापांचा नवा कायदा झाला. राज्य एका रात्रीत बदलले, तागडी सावकाश बदलली. ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅमची वजने येऊ लागली आणि एप्रिल १९६२ पासून ती सक्तीची झाली. ऐंशी तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमचा, म्हणजे पावशेर २३३ ग्रॅमचा. आज दुकानात पावशेर मागितले की २५० ग्रॅम मिळतात, तो नुसता शब्द उरला आहे.

बाजार किलोवर गेला तरी स्वयंपाकघर मापावरच राहिले. कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या ‘रुचिरा’तही वाटी-चमच्याचेच प्रमाण आहे. त्यात गैर काही नाही. पीठ, रवा, साखर यांचे मापाने निभते. सुक्या मेव्याचे मात्र तसे नाही. तो वजनावर आणि महाग मिळतो, शिवाय त्याच्या दाण्यांमधल्या पोकळीचा हिशेब दर जिनसाला निराळा. शंभर मिलिलिटरच्या भांड्यात बेदाणे साधारण ६० ते ६५ ग्रॅम बसतात. अख्खे बदाम ६० ग्रॅम, पण त्यांचेच पातळ काप केले की ४० च्या आसपास, आणि खोबऱ्याचा कीस त्याहूनही कमी. म्हणून ‘बदाम एक वाटी, काप करून’ आणि ‘बदामाचे काप एक वाटी’ यांत जवळजवळ दीडपटीचा फरक पडतो. बेदाणे दाबून भरले किंवा शीग लावून मापले तर आकडा पुन्हा वाढतो.

मापटे गावोगाव लहानमोठे असे, म्हणून छापील कोष्टकावर विसंबू नये. घरातले पितळी मापटे माळ्यावरून काढावे, काठोकाठ पाणी भरून ते पाणी तोलावे. जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. मग भांडे कोरडे करून प्रत्येक जिन्नस न दाबता भरून तोलावा आणि तो आकडा वहीच्या त्याच पानावर, मूळ ओळ न खोडता, पेन्सिलीने लिहून ठेवावा.