पर्यायी निष्कर्षबिंदू (कर्करोग औषधे)

पर्यायी निष्कर्षबिंदू हा औषधचाचणीतील असा मापनीय निकष आहे, जो रुग्णाच्या प्रत्यक्ष लाभाऐवजी मोजला जातो आणि ज्यावरून त्या लाभाचा अंदाज बांधला जातो. ‘सरोगेट एंडपॉइंट’ या नावानेही तो ओळखला जातो. कर्करोगात प्रत्यक्ष लाभ मुख्यतः दोन मानले जातात : आयुष्य वाढणे आणि ते अधिक सुसह्य होणे. गाठ लहान होणे हा या लाभाचा संकेत असू शकतो. तो स्वतः लाभ असतोच असे नाही.

प्रकार

• प्रतिसाद दर : ज्यांची गाठ ठरावीक प्रमाणात आक्रसते अशा रुग्णांची टक्केवारी. घन गाठींच्या बाबतीत व्यासांच्या बेरजेत किमान ३० टक्के घट झाल्यास तो अंशतः प्रतिसाद समजला जातो.
• प्रगतिमुक्त जीवितकाल : आजार वाढेपर्यंत किंवा मृत्यू येईपर्यंतचा काळ.

याउलट एकूण जीवितकाल हा प्रत्यक्ष निष्कर्षबिंदू आहे. तो मोजण्यास अधिक रुग्ण व अधिक वर्षे लागतात. पर्यायी निकष वापरण्यामागचे मुख्य कारण हेच आहे.

औषधमान्यता

अमेरिकेत १९९२ पासून पर्यायी निकषावर त्वरित मान्यता देण्याची तरतूद आहे. लाभाची खातरजमा नंतरच्या चाचणीतून करावी लागते. भारतात ‘नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियम, २०१९’ यांत गंभीर आजारांसाठी अशीच सोय आहे.

बेवासिझुमॅब या औषधाला अमेरिकेत २००८ साली पसरलेल्या स्तनकर्करोगासाठी अशी मान्यता मिळाली. चाचणीत प्रगतिमुक्त जीवितकाल सुमारे सहा महिन्यांवरून बारा महिन्यांच्या आसपास गेला होता. पुढील चाचण्यांत हा फरक बराच घटला, आयुष्य वाढल्याचे दिसले नाही आणि गंभीर दुष्परिणाम मात्र आढळले. नोव्हेंबर २०११ मध्ये या आजारापुरती मान्यता रद्द झाली. २००८ ते २०१२ या काळात अमेरिकेत दिलेल्या कर्करोग-औषधांच्या ५४ मान्यतांपैकी ३६ पर्यायी निकषांवर आधारलेल्या होत्या. २०१५ सालच्या अभ्यासानुसार त्यांपैकी फक्त ५ मध्ये आयुष्य वाढल्याचे नंतर सिद्ध झाले.

महाराष्ट्रातील उदाहरणे

मुंबई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या नेक्सकार-१९ या पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता; मुख्य आधार प्रतिसाद दराचा होता व तो सुमारे ७३ टक्के होता. इतर उपचार निष्फळ ठरलेल्या रक्तकर्करोगात गाठी आपोआप सहसा विरत नाहीत. त्यामुळे उपचार परिणामकारक आहे, हे अशा आकड्यावरून कळते. परिणाम किती काळ टिकतो, हे दीर्घ पाठपुराव्यानेच कळते.

टाटा स्मारक रुग्णालयाने डोके व मान यांच्या कर्करोगावर केलेली, २०२३ साली प्रसिद्ध झालेली चाचणी याहून वेगळी आहे. तीत १५१ रुग्णांचे चिठ्ठी पद्धतीने दोन गट करून एका गटाला तोंडी औषधांसोबत निवोलुमॅब हे औषध प्रचलित मात्रेच्या दशांशाहून कमी प्रमाणात दिले गेले. मुख्य निकष एक वर्षाचे एकूण जीवितमान हाच होता. ते १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले.

पुराव्याचे मूल्यमापन

ज्यांची गाठ आक्रसली ते अधिक जगले, एवढ्यावरून निकष विश्वसनीय ठरत नाही; ते रुग्ण मुळातच अधिक सशक्त असू शकतात. औषधामुळे पर्यायी निकषात पडलेला फरक आयुष्यातील फरकाशी जुळतो, हे अनेक तुलनात्मक चाचण्यांतून दिसावे लागते. हा संबंध प्रत्येक कर्करोगात व प्रत्येक औषधवर्गात वेगळा असतो.

भंडारा जिल्ह्यातील करडीसारख्या गावातून नागपूर किंवा मुंबईला उपचारासाठी जाणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने हा भेद केवळ तांत्रिक नाही. ‘औषध लागू पडते’ या विधानाचा अर्थ गाठ लहान होणे आहे की आयुष्य वाढणे, यावर खर्चाचा व त्रासाचा निर्णय अवलंबून असतो.